कुलूपबंद बाकांसमोर

चार्ल्स सिमियन केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चचे पाळक झाले ते १७८२च्या नोव्हेंबरात. तेव्हा त्यांचे वय होते २३, आणि मंडळीतल्या कुणालाही ते नको होते. मंडळीच्या मनात होते हॅमंड नावाचे साहाय्यक पाळक. ते आधीपासून तिथे काम करत होते, लोकांच्या ओळखीचे होते. पण नेमणुकीचा अधिकार इलीच्या बिशपांचा. सिमियन यांच्या वडिलांची बिशपांशी ओळख होती; त्यांनी शब्द टाकला आणि नेमणूक झाली. लोक नाराज आहेत हे कळल्यावर सिमियन यांनी बाजूला होण्याची तयारी दाखवली. बिशपांनी मात्र साफ सांगितले की, तुम्ही नाही म्हणालात तरी हॅमंड यांना मी नेमणार नाही. मग सिमियन राहिले.

त्या काळच्या इंग्रजी चर्चमधली बाके आपल्या चर्चमधल्या बाकांसारखी नसत. चारी बाजूंनी फळ्या ठोकून केलेले कप्पे असत. प्रत्येक कप्प्याला छोटे दार, दाराला कुलूप, आणि किल्ली त्या त्या घराकडे. नव्या पाळकांवर रागावलेल्या मंडळीने एक सोपा मार्ग काढला: बाकांना कुलपे लावली आणि घरी बसली. जे लोक सिमियन यांना ऐकायला येत, बहुतेक गोरगरीब आणि बाहेरचे, त्यांना टेकायलाही जागा उरली नाही. ते मधल्या वाटेत आणि भिंतींच्या कडेला उभे राहत. सिमियन यांनी स्वतःच्या पैशाने साधी बाकडी आणून मोकळ्या जागेत मांडली. चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर आवारात फेकून दिली.

हे दहा वर्षांहून अधिक चालले. रविवारी दुपारच्या उपदेशासाठी वक्ता निवडण्याचा हक्क मंडळीकडे होता. तो मान त्यांनी हॅमंड यांना दिला, पाच वर्षे. हॅमंड गेल्यावर आणखी एका गृहस्थांना दिला, सात वर्षे. आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच लोकांपुढे रविवारी दुपारी उभे राहण्याची संधी सिमियन यांना १७९४मध्ये मिळाली. मधल्या काळात त्यांनी संध्याकाळची उपासना सुरू करून पाहिली, तर कारभाऱ्यांनी चर्चच्या मुख्य दारालाच कुलूप घातले आणि जमलेले लोक रस्त्यावर ताटकळले. त्या एका दिवशी सिमियन यांनी लोहाराला बोलावून दार उघडवले. पुन्हा तसे केले नाही, आणि त्या उपासनेचा आग्रह सोडून दिला.

पुढची पाने या माणसाविषयी आहेत. ते त्या एकाच मंडळीत ५४ वर्षे राहिले. १८३६च्या नोव्हेंबरात वारले तेव्हाही ते होली ट्रिनिटीचेच पाळक होते. मधल्या काळात त्यांना मोठी पदे मिळाली नाहीत आणि त्यांनी ती मागितलीही नाहीत. इंग्लंडच्या चर्च-इतिहासात त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. ती कीर्ती उतारवयात आली. मला या चरित्रात खरी ओढ वाटली ती आधीच्या, कीर्ती नसलेल्या वर्षांची, आणि त्या वर्षांनी सिमियन यांच्या स्वभावाचे जे केले त्याची.

पाळकाची नम्रता म्हटले की आपल्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. हळू बोलणारा, हात जोडणारा, पंचांच्या बैठकीत मान खाली घालून बसणारा माणूस. आणि चिकाटी म्हटले की आठवतो तो कुणाचेही न ऐकता आपले घोडे पुढे दामटणारा. जणू हे दोन वेगळ्या माणसांचे गुण आहेत आणि एकाच माणसात दोन्ही असणे म्हणजे नशिबाची गोष्ट. सिमियन यांचे आयुष्य वाचता वाचता माझी खात्री पटत गेली की पाळकीय सेवेत हे दोन्ही एकमेकांवाचून टिकत नाहीत. नुसता टिकून राहणारा पाळक हळूहळू कडवट होतो. मंडळी म्हणजे जिंकायची लढाई होऊन बसते. आणि नुसता नमणारा पाळक पहिल्या मोठ्या भांडणात राजीनामा लिहितो, आपण कुणाच्या आड येऊ नये या सात्त्विक समजुतीने. सिमियन यांना एकाच ठिकाणी राहावे लागले, आणि त्या राहण्यातून त्यांचा ताठा उतरत गेला. ताठा उतरत गेला म्हणून ते आणखी राहू शकले.

ताठा होता, यात शंका नाही. ईटनला शिकलेले, सुखवस्तू घरातले, उंची कपड्यांची आणि उत्तम घोड्यांची आवड असलेले हे तरुण गृहस्थ भयंकर तापट होते. उपदेशात त्यांचे हातवारे इतके की विद्यार्थी नकला करत. हेन्री व्हेन नावाचे वयस्क पाळक केंब्रिजपासून काही मैलांवरच्या येलिंग गावी राहत. त्यांना सिमियन गुरुस्थानी मानत. एकदा सिमियन तिथून परतल्यावर व्हेन यांच्या मुली वडिलांना म्हणाल्या की, या पाहुण्यांचे बोलणे-वागणे फार बोचते. व्हेन यांनी मुलींना बागेत नेले आणि पीचचे एक फळ तोडून आणायला सांगितले. हंगाम नव्हता, फळ हिरवेकच्चे निघाले. वडील म्हणाले, आणखी थोडे ऊन, आणखी काही पावसाच्या सरी, मग हेच फळ गोड होईल. सिमियन यांचेही तसेच आहे. म्हाताऱ्या पाळकाची ही दूरदृष्टी मला सिमियन यांच्या कित्येक गुणांपेक्षा मोठी वाटते. तरुण सहकाऱ्याचा कच्चेपणा दिसत असूनही त्याच्या पिकण्यावर भरवसा ठेवणारी माणसे कोणत्याही मंडळीत मोजकीच असतात.

पिकायला मात्र वेळ लागला. पाळक होऊन बरीच वर्षे लोटल्यावरचा प्रसंग आहे. एका मित्राच्या घरी उतरले असताना नोकर शेगडीतला विस्तव नीट हलवत नाही म्हणून सिमियन त्याच्यावर उसळले, पाठीत धपाटाही घातला. निघताना घोड्याला चुकीचा लगाम चढवला गेला, तेव्हा पुन्हा भडका. यजमानांनी त्यांना तोंडावर काही म्हटले नाही. त्या नोकराच्या नावाने एक पत्र लिहिले, खाली सही ‘जॉन सॉफ्टली’, आणि ते सिमियन यांच्या सामानात सरकवून दिले. दुसऱ्यांना प्रीती आणि सौम्यतेचा उपदेश करणारा माणूस स्वतः इतका तापट कसा, असा पत्राचा रोख होता. सिमियन यांनी ते नोकराचेच समजून वाचले. उत्तर लगोलग गेले. त्यात सारवासारव नव्हती, सबबी नव्हत्या, क्षमा मागितली होती. आणि सहीच्या जागी लिहिले होते, ‘चार्ल्स, गर्विष्ठ आणि चिडखोर’.

या प्रसंगात मला महत्त्वाची वाटते ती पत्राची दिशा. वरच्या माणसाने, बिशपाने किंवा थोरामोठ्याने कान उपटले तर कुणीही मान खाली घालतो. इथे सिमियन यांच्या समजुतीप्रमाणे पत्र लिहिणारा शेगडी सांभाळणारा गडी होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सिमियन यांच्यासारख्या किंग्ज कॉलेजच्या फेलोने गड्याची लेखी माफी मागणे ही साधी गोष्ट नव्हती. पाळकाची नम्रता वरिष्ठांसमोर तपासू नये. ती चर्च झाडणाऱ्या माणसासमोर, भाडे थकलेल्या विधवेसमोर, नेहमी उशिरा येणाऱ्या वादकासमोर तपासावी. तिथे ती खरी असेल तर बाकी ठिकाणी आपोआप असते.

सिमियन यांच्यापुढची परीक्षा मंडळीपुरती नव्हती. केंब्रिजचे विद्यार्थी त्यांच्या उपासनेत धुडगूस घालायला येत, खिडक्यांवर दगड मारत. त्यांचा उपदेश मनावर घेणाऱ्या तरुणांना ‘सिम्स’ असे हिणवत. कॉलेजातले सहकारी त्यांच्याशी चारचौघांत बोलणे टाळत. पुढे एकदा किंग्ज कॉलेजातले एक फेलो भर दिवसा त्यांच्यासोबत हिरवळीवर पाव तास फिरले, आणि ही गोष्ट सिमियन यांना इतकी नवलाची वाटली की त्यांनी ती आवर्जून सांगून ठेवली. आपल्यासोबत कुणीतरी पाव तास फिरावे याचे इतके अप्रूप वाटावे, यावरून त्या एकटेपणाचा अंदाज येतो. पाळकाच्या एकटेपणाबद्दल आपण फारसे बोलत नाही. त्याला सगळे ओळखतात, त्याच्याकडे सगळे येतात, पण त्याच्या बरोबरीने चालणारे कमी असतात.

अशा वेळी सिमियन यांनी आधार घेतला तो पौलाने तीमथ्याला दिलेल्या सल्ल्याचा. प्रभूच्या सेवकाने भांडत बसू नये, सर्वांशी सौम्य असावे. कुलूपबंद बाके पाहून त्यांनी मनाशी हिशेब मांडला की लोक अर्धेच आले आणि त्यांना दुप्पट आशीर्वाद मिळाला, तर शेवटी तेवढेच झाले. पण या सौम्यतेचा अर्थ त्यांनी गप्प बसणे असा लावला नाही. उपदेशाची धार त्यांनी बोथट केली नाही. पहाटे चारला उठून, थंडीत स्वतः शेगडी पेटवून ते प्रार्थनेला आणि वचनाला बसत. हा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. घरोघर जाणे थांबवले नाही, जिथे दार उघडत नसे तिथेही.

सन १७८८च्या टंचाईत पावाचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले. वर्गणी गोळा करून केंब्रिजभोवतीच्या २४ खेड्यांत गरिबांना अर्ध्या किमतीत पाव मिळण्याची व्यवस्था झाली, आणि त्यात सिमियन आघाडीवर होते. वर्गणी देऊन ते मोकळे झाले नाहीत. दर आठवड्याला घोड्यावर बसून ते खेडोपाडी फिरत आणि भटारखान्यांत ठरल्याप्रमाणे पाव विकला जातो की नाही हे स्वतः पाहत. तेव्हा चर्चमधली बाके अजून बंदच होती. ज्या गावाने त्यांना दारे लावून घेतली, त्या गावाच्या पंचक्रोशीतल्या पोटांची काळजी वाहणे हे त्यांचे उत्तर होते. केंब्रिजचे मन त्यांच्या उपदेशांनी वळवले त्यापेक्षा या घोड्यावरच्या रपेटींनी अधिक वळवले असावे, असे मला वाटते.

वाद टाळण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. देवाची निवड श्रेष्ठ की माणसाची इच्छा, या प्रश्नावर त्या काळचे इव्हँजेलिकल दोन तटांत विभागलेले होते. पंचविशीतले सिमियन पहिल्या, कॅल्व्हिनवादी तटावर, आणि एक्याऐंशी वर्षांचे मेथडिस्ट उपदेशक जॉन वेस्ली दुसऱ्या. १७८४मध्ये दोघांची भेट झाली. सिमियन म्हणाले, आपण परस्परांवर सुरे उपसण्यापूर्वी मी तुम्हाला काही प्रश्न विचारू का? मग एकेक प्रश्न: तुम्ही स्वतःला पतित मानता का, तारणासाठी केवळ ख्रिस्तावर विसंबता का, अखेरपर्यंत देवच सांभाळील असे मानता का? वेस्ली प्रत्येक वेळी होय म्हणत गेले. सिमियन म्हणाले, मग माझी कॅल्व्हिनवादी शिकवण हीच आहे, आणि मतभेदाचे मुद्दे शोधत बसण्यापेक्षा जिथे जुळते तिथे आपण एक होऊ या. आपल्याकडे एका तालुक्यात चार पंथांच्या मंडळ्या असतात आणि चार पाळक एकमेकांच्या अंत्यविधीलाही जात नाहीत, अशी उदाहरणे आपण सगळेच पाहतो. त्या पाळकांनी एकदा एकत्र बसून हा संवाद वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पंचवीस वर्षांच्या अखंड कामानंतर, १८०७मध्ये त्यांचा आवाज गेला. तब्येत ढासळली. उपदेश संपला की त्यांच्यात त्राण उरत नसे आणि कुजबुजीपलीकडे आवाज फुटत नसे. बारा-तेरा वर्षे अशीच गेली. ज्याचे सगळे काम बोलण्यावर चालते, त्याच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता? तरी त्यांनी व्यासपीठ सोडले नाही. जमेल तेवढे बोलत राहिले. साठी गाठली की थांबायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. पण १८१९मध्ये, साठाव्या वर्षीच, स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असताना अंगात पुन्हा बळ आल्याचे त्यांना जाणवले. मी विसावा घ्यायला निघालो होतो आणि देवाने मला परत कामाला लावले, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पुढे आणखी सतरा वर्षे त्यांनी सेवा केली. या घटनेचे वैद्यकीय कारण काय असेल, यात मी शिरत नाही. मला दिसते ते एवढे की आवाज नसलेल्या त्या वर्षांतही मंडळी त्यांना सोडून गेली नाही. कुलपे लावणाऱ्यांच्या घरातली पुढची पिढी आता पुढे सरसावून, कान देऊन त्यांना ऐकत होती.

मराठी वाचकाने या इंग्रज पाळकाचे चरित्र का वाचावे, असा प्रश्न येईल. याचे एक उत्तर हेन्री मार्टिन. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८०१मध्ये पहिले आलेले हे तरुण सिमियन यांचे साहाय्यक पाळक होते. १८०५मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे चॅप्लेन म्हणून भारताकडे निघाले. दानापूर आणि कानपूर इथे राहून त्यांनी नवा करार हिंदुस्तानीत आणला. मग इराणकडे जाण्यासाठी १८११च्या आरंभी कलकत्त्याहून मुंबईच्या जहाजात बसले. त्याच जहाजावर सहप्रवासी होते पुण्याच्या रेसिडेंटचे पद घ्यायला निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले तेच. दोघांची चांगली मैत्री जमली. वाटेत जहाज गोव्याला थांबले तेव्हा मार्टिन यांनी जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचे दर्शन घेतले. मुंबईत काही आठवडे राहून ते पुढे गेले. शिराझमध्ये फारसी नवा करार पुरा केला, आणि १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातल्या तोकात गावी, वयाच्या ३१व्या वर्षी वारले. सोबत जवळचे कुणी नव्हते.

कलकत्त्यात काढलेले मार्टिन यांचे तैलचित्र त्याच वर्षी लंडनला पोहोचले होते. ते पाहायला सिमियन गेले, पण क्षीण झालेला तो चेहरा पाहवला नाही. तोंड फिरवून, चेहरा झाकून ते रडले. ते चित्र त्यांनी आपल्या खोलीत शेगडीच्या वर लावले. पाहुण्यांना ते सांगत की हा चेहरा मला रोज बजावतो, वेळ वाया घालवू नकोस. ज्या तरुणाला आपण घडवले, त्याच्या चित्रापुढे गुरूने शिष्यासारखे उभे राहावे, ही गोष्ट मी पाळकीय सेवेच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी वाचली आहे. आपल्याकडे उपदेशक घडवणारे पुष्कळ असतात. आपण घडवलेला माणूस आपल्यापेक्षा पुढे गेला, हे मान्य करून त्याच्याकडून शिकणारे कमी.

भारताशी त्यांचा संबंध मार्टिनपुरता नव्हता. त्यांचे आणखी एक साहाय्यक टॉमस थॉमसन १८०८मध्ये कलकत्त्याला आले. त्यांचा मुलगा जेम्स लहानपणी इंग्लंडला परत गेला तेव्हा सिमियन यांनी त्याच्यावर देखरेख ठेवली. हाच मुलगा पुढे वायव्य प्रांतांचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, आणि रुडकीचे इंजिनियरिंग कॉलेज त्याच्याच पुढाकाराने उभे राहिले. कंपनीचे चॅप्लेन प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी असत, राज्यकर्त्यांच्या पगारावर असत, आणि त्या नात्याचे ओझे त्यांच्या कामावर होतेच. हे नजरेआड करून सिमियन यांचे गुणगान करणे मला योग्य वाटत नाही. भारताला ते आपलाच एक दूरचा धर्मप्रांत समजत. त्या आपलेपणात माया होती आणि त्या काळच्या साम्राज्याचा सहजभावही होता. या चरित्रात दोन्ही दिसतील.

दुसरी एक मर्यादाही सांगायला हवी. सिमियन अविवाहित होते. किंग्ज कॉलेजचे फेलो असल्याने राहायला खोल्या होत्या, जेवणाची ददात नव्हती, घरचा पैसा होता. होली ट्रिनिटीचे उत्पन्न नाममात्र होते, तरी त्यांना झळ बसली नाही. आपल्याकडच्या एखाद्या पाळकाकडे पाच-सहा खेडी असतात, एक जुनी मोटारसायकल असते, मानधन दोन-दोन महिने उशिरा येते आणि मुलांची फी मात्र वेळेवर भरावी लागते. सिमियन बारा वर्षे टिकले म्हणून तुम्हीही टिका, असे त्याला सांगणे अन्यायाचे होईल. मंडळीने पाळकाकडून चिकाटी मागायची असेल, तर त्याच्या घराचा खर्च आधी नीट मांडावा. नम्रतेचा उपदेश करून मानधन थकवणाऱ्या पंचांनी हे चरित्र पाळकाच्या हाती ठेवण्याआधी स्वतः वाचावे.

आणि टिकणे म्हणजे दर वेळी एकाच जागी राहणे असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले. १९१७मध्ये मिशनचा पगार सोडून ते बाहेर पडले, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडायला. ख्रिस्त मराठी माणसाला मराठी रीतीने भेटावा, भजनातून आणि कीर्तनातून, हा त्यांचा ध्यास मिशनच्या चौकटीत मावत नव्हता. दोन वर्षांत, १९१९च्या मे महिन्यात, ते वारले. सिमियन राहिले आणि टिळक निघाले. तरी मला दोघे एकाच जातीचे वाटतात, कारण दोघांनीही स्वतःच्या सोयीचे उत्तर निवडले नाही. सिमियन यांना निघून जाणे सोपे होते, टिळकांना पगारावर राहणे. राहावे की जावे हा प्रश्न सोडवण्याची तयार रीत या पुस्तकात सापडणार नाही. आपला निर्णय सोपा आहे म्हणून बरोबर वाटतो आहे का, एवढे तपासायला मात्र ते मदत करील.

सिमियन यांच्या लेखनाबद्दल थोडेसे. ‘होरे होमिलेटिके’ या ग्रंथाचे २१ खंड आहेत, अडीच हजारांहून अधिक उपदेशांच्या रूपरेषा. आज त्या वाचताना कोरड्या लागतात. चौकट दिसते, माणूस दिसत नाही. पण त्यामागची गरज खरी होती. त्या काळी केंब्रिज किंवा ऑक्सफर्डमध्ये पाळक होऊ घातलेल्या तरुणाला उपदेश कसा रचावा हे कुणी शिकवत नसे. व्यासपीठावर चढल्यावरच तो पहिल्यांदा शिकायला लागे, आणि त्याची किंमत मंडळी मोजे. पापी माणसाला नम्र करावे, तारणाऱ्याला उंच करावे, पवित्र जीवनाला चालना द्यावी, या तीन गोष्टींवर प्रत्येक उपदेश सिमियन स्वतः घासून पाहत आणि विद्यार्थ्यांनाही पाहायला लावत. यातली पहिली कसोटी उपदेशकालाही लागू आहे, हे ते विसरू देत नसत.

त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट मी या पुस्तकात मुद्दाम विस्ताराने दिली आहे. मृत्युशय्येवर असताना खोलीत माणसे जमली. थोर भक्त कसा मरतो, शेवटचे शब्द काय बोलतो, हे पाहण्याची त्यांना ओढ होती. सिमियन यांनी ते ओळखले आणि त्यांना त्याचा संताप आला. तुम्हाला मरणाचा देखावा हवा आहे, मला तो अजिबात नको, मला माझ्या देवाजवळ एकट्याला राहू द्या, अशा आशयाचे बोलून त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. तापटपणा अखेरपर्यंत थोडा उरला होता म्हणायचा, पण आता तो स्वतःला मोठे करण्याच्या विरुद्ध वळला होता. आज कॅमेरा खिशात असतो. प्रार्थनेत डोळे मिटलेल्या पाळकाचे छायाचित्र उपासना संपण्याआधी गावभर फिरते. आपल्या तरुण पाळकांनी या प्रसंगाजवळ जरा थांबावे.

पुस्तकाची मांडणी थोडी एकांगी आहे, ती जाणूनबुजून. सुरुवातीच्या बारा वर्षांना निम्म्याहून अधिक पाने दिली आहेत. मिशनरी संस्थांची स्थापना, पाळक नेमण्याचे हक्क विकत घेण्यासाठी त्यांनी उभा केलेला न्यास, विद्यापीठातला वाढता मान, हे सगळे पुढे थोडक्यात येते. त्या न्यासावर त्या काळी टीका झाली, आणि हक्क विकत घेऊन चांगले पाळक नेमण्याची कल्पना मलाही पूर्ण पटत नाही. सिमियन यांनी ज्या नको असलेल्या नेमणुकीचा त्रास स्वतः सोसला, तसाच त्रास दुसऱ्या मंडळ्यांना होण्याची शक्यता त्यात होती.

शेवटचे प्रकरण शुक्रवारच्या बैठकींवर आहे. उतारवयात सिमियन दर शुक्रवारी संध्याकाळी किंग्ज कॉलेजातल्या आपल्या खोल्या विद्यार्थ्यांसाठी उघड्या ठेवत. पन्नास-साठ तरुण दाटीवाटीने, खिडक्यांच्या कोनाड्यांतसुद्धा बसत. नोकर चहा फिरवत. गालिचा मळतो म्हणून सिमियन यांचे डोळे चिखलाच्या बुटांवर असत, आणि तरी दार उघडेच असे. कुणीही काहीही विचारावे: एखादा कठीण उतारा, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर काय बोलावे, उपदेश पडला तर काय करावे, मंडळीतले वडील ऐकत नाहीत तर काय करावे. या शेवटच्या प्रश्नावर बोलायला केंब्रिजमध्ये त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता.

हे प्रकरण मी आपल्याकडच्या निवृत्त पाळकांसाठी लिहिले आहे. अहमदनगर, जालना, सोलापूर, कोल्हापूर, मुंबई, जिथे जिथे जुन्या मंडळ्या आहेत, तिथे आयुष्यभर सेवा करून आता घरी बसलेली माणसे आहेत. त्यांनी बाके फेकलेली पाहिली आहेत, किंवा त्याचे आजचे रूप: कोर्टातले दावे, फुटलेल्या मंडळ्या, निनावी अर्ज. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा पहिल्या नेमणुकीवर जातो तेव्हा त्याच्याकडे पदवी असते, पुस्तके असतात, आणि विचारायला कुणी नसते. आठवड्यातली एक संध्याकाळ, चहा, आणि दोन-तीन तरुण पाळक, इतकेच पुरे आहे. सुरुवात कुणी करायची याची वाट तरुणांनी पाहू नये. त्यांनीच जवळच्या एखाद्या वृद्ध पाळकांना फोन करून, येत्या शुक्रवारी येऊ का, असे विचारावे.